मागच्या खोलीतला आयरिश नट

तुम्ही काहीही म्हणा, स्वतःला नट म्हणवणाऱ्या माणसाला मी सहजासहजी खोली देत नाही. सदाशिव पेठेतली आमची मागची खोली बघायला एक आयरिश गृहस्थ आला. म्हणाला, "मी नट आहे, पटकथाही लिहितो. लिहायला शांतता हवी."

शांततेसाठी सदाशिव पेठ? माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सिनेमात काय करता?" मी विचारलं.

"मरतो. दरवेळी पहिल्या दहा मिनिटांत. म्हणून तर स्वतः लिहायला लागलो."

"मग स्वतःच्या सिनेमात तरी जगलात का?"

"मध्यंतरापर्यंत."

बायकोच्या आग्रहाखातर खोली दिली, पण लक्ष ठेवून होतो. आठवड्याभरातच आतून दोन माणसांचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं. दार ठोठावलं, तर आत हा एकटाच! म्हणे, "संवाद बोलून बघतोय. दोन्ही आवाज माझेच."

"कशावरून?" मी काय सोडतोय!

त्यानं घसा खाकरला, आमच्या स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि हुबेहूब माझ्या आवाजात, चक्क मराठीत ओरडला, "अगं, जरा चहा टाक, प्लीज!" रोज भिंतीपलीकडून माझी हाक ऐकून आवाज उचलला होता लेकाच्यानं.

थोड्या वेळानं बायको चहा घेऊन आली आणि कप थेट त्याच्या हातात दिला.

"अगं, आवाज माझा होता ना?"

"आवाज तुमचाच होता हो. पण 'प्लीज' ऐकलं आणि मला संशय आला."