तळमजल्यावरचे खासदार

मंडळी, तुम्ही सगळे आलात. कार्ल्सरूहेचे तर आलातच, पण हायडेलबर्गहून जोशीकाका-काकू आले, म्युनिकची मंडळी भल्या पहाटे गाडीत बसली. शनिवारची खरेदी, मुलांचे क्लास, सगळं बाजूला ठेवून आलात. आपल्या मंडळात एका जर्मन माणसासाठी शोकसभा पहिल्यांदाच होते आहे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी पटकन हो म्हणाले. आता इथे उभी राहिल्यावर कळतंय की ते किती अवघड आहे. मध्येच आवाज गेला तर सांभाळून घ्या.

पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, फ्राऊ व्हिंटरहाल्डर, बसल्या आहेत. त्यांना मराठी येत नाही. शेजारी माझी सई आहे, ती त्यांच्या कानात जर्मनमधून सांगते आहे. सई, जमेल तेवढंच सांग गं. राहिलेलं मी त्यांना घरी सांगेन. घरी म्हणजे काय, एक जिना उतरला की झालं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. मी वर्षा. मी आणि श्रीनिवास दोन हजार साली इथे आलो, तेव्हापासून हेर, म्हणजे आपले श्रीयुत, व्हिंटरहाल्डर यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. ते तळमजल्यावर. आणि ते युरोपियन संसदेत खासदार होते. पक्ष परंपरावादी. चर्च, कुटुंब, शिस्त आणि बाहेरून येणारी माणसं बेतानेच यावीत, असं मानणारा. अशा माणसाच्या डोक्यावर आम्ही बाहेरून आलेले राहत होतो. गंमतच म्हणायची.

गेल्या आठवड्यात चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. पक्षाचे मोठमोठे लोक आले होते. त्यांनी कुठल्या कुठल्या समित्यांवर काम केलं, ऱ्हाईनवरच्या पुलासाठी किती खटपट केली, द्राक्षवाल्या शेतकऱ्यांसाठी ब्रसेल्सला कसे भांडले, सगळं सांगितलं. खरंच होतं ते. आणि शेवटी म्हणाले, प्रकृतीच्या कारणामुळे ते राजकारणातून निवृत्त झाले.

मी मागच्या बाकावर होते. फ्राऊ व्हिंटरहाल्डरनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच ठरवलं. प्रकृतीच्या कारणामुळे नाही, मंडळी. तो माणूस तेव्हा धडधाकट होता. जिना झाडायची त्यांची पाळी आली की तिसऱ्या पायरीवरचा माझ्या पाळीत सुटलेला कोपरासुद्धा झाडून जायचे, आणि मग मला तो दाखवायचे. ते राजकारणातून का गेले, ते आज इथे सांगितलं गेलं पाहिजे. त्यांच्या बायकोसमोर सांगितलं गेलं पाहिजे.

त्यांची एक पद्धत होती. महिन्यातला एक आठवडा संसदेत मतदानाला स्ट्रासबुर्ग, एरवी समित्यांसाठी ब्रसेल्स, गुरुवारी रात्री घरी. शुक्रवारी गावातल्या गास्टहाउसच्या, म्हणजे खानावळीच्या, मागच्या खोलीत बसायचे. ज्याला जे मागायचं असेल त्याने यावं. आणि जो कोणी एखाद्या कायद्याबद्दल बोलायला आला, त्याला मतदानानंतर स्वतः सांगायचे, मी असं मत दिलं. फोन करून नाहीतर दारात जाऊन. विरोधात दिलं असेल तर नक्कीच. म्हणायचे, त्याने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं होतं, त्याला पेपरातून कळता कामा नये.

मीही गेले होते त्या खोलीत. हो, एका घरात राहून. कारण जिन्यात मी विषय काढला तेव्हा म्हणाले, जिन्यात मी घरमालक आहे, शुक्रवारी या. मग गेले, नंबर लावला, बसले.

विषय माझ्या सासूबाईंचा होता. तुमच्यातल्या खूप जणांनी त्यांना पाहिलंय. सासरे गेल्यावर त्या मिरजेला एकट्याच राहायच्या. श्रीनिवास एकुलता एक. दर उन्हाळ्यात त्या इथे यायच्या आणि व्हिसाचे तीन महिने संपले की परत जायच्या. आम्हाला त्यांना कायमचं इथे ठेवायचं होतं. नियमात बसत नव्हतं. किती जणांच्या घरी हेच आहे, मी काय सांगू? संसदेत तेव्हा एक प्रस्ताव येणार होता, बाहेरून आलेल्या कामगारांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना त्यांच्याजवळ राहू द्यावं म्हणून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमची अडचण मला समजते. पण मी याच्या विरोधात आहे." का, तेही सांगितलं. आज तुमच्या सासूबाई, उद्या सगळ्यांच्या. त्यांच्या दवाखान्याचा खर्च कोणी उचलायचा, हे मला या गावातल्या माणसांना सांगावं लागतं. गोड बोलले नाहीत, बघतो म्हणाले नाहीत. मी उठून आले. राग आला होता, खूप राग आला होता.

आणि मग तो गणपती. आठवतोय ना, जोशीकाका? मतदान गुरुवारी झालं, आपला गणपती शनिवारी होता. आपल्या कार्यकारिणीने ठरवलं, खासदारांचा सत्कार करायचा. आपल्या वर्षाच्या घरातला माणूस, आपल्याच बाजूने असणार. कोणी विचारलंच नाही हो त्यांना. आपण सत्कार करतो तेव्हा कधी विचारतो का? मी गास्टहाउसमधलं बोलणं श्रीनिवासशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मलाही कुठेतरी वाटत होतं की शेवटी माणूस विरघळला असेल.

शाल झाली, श्रीफळ झालं. जोशीकाका बोलले, आमच्या आईवडिलांसाठी लढणारा नेता. आणि मी शेजारी उभी राहून त्यांना ते जर्मनमध्ये सांगत होते. माझं एकेक वाक्य ऐकताना त्यांचा चेहरा पडत चाललेला मला दिसत होता. मग त्यांनी माईक मागितला. आणि आता ते जे बोलणार ते मला मराठीत सांगायचं होतं.

ते म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी विरोधात मत दिलं. काल संध्याकाळी सांगायला वर गेलो होतो, घरी कोणी नव्हतं."

कोणी असणार कसं? आम्ही इथे मखर बांधत होतो.

तुम्ही ते माझ्या आवाजात ऐकलंत. त्यांनी शाल काढली, नीट घडी घालायला लागले. आणि पहिल्या रांगेतून सासूबाई बोलल्या, "राहू दे की ती शाल त्यांच्या अंगावर. खरं बोललाय माणूस."

मी भाषांतर केलं. ते तसेच घडी हातात घेऊन उभे राहिले. सासूबाई उठल्या, जवळ गेल्या, शाल परत त्यांच्या खांद्यावर टाकली. मग मला म्हणाल्या, "विचार त्यांना, त्यांची आई कुठं असते?"

मी विचारलं. ते म्हणाले, आई गेली. आमच्याच घरात गेली, खालच्या मागच्या खोलीत. तिचा हात माझ्या हातात होता.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं." एवढंच. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. पण हेर व्हिंटरहाल्डर त्या दिवशी जेवले नाहीत. आपल्या मोदकांना कधी नाही न म्हणणारा माणूस.

प्रस्ताव पडलाच होता. तीन महिने संपले, सासूबाई परत गेल्या. त्यांची बॅग गाडीपर्यंत हेर व्हिंटरहाल्डरनीच नेली. त्या हिवाळ्यात त्या मिरजेच्या घरी बाथरूममध्ये पडल्या. रात्री पडल्या, सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं. श्रीनिवास पोचायच्या आत दवाखान्यात एकट्याच गेल्या.

मला माफ करा. थोडं पाणी देता का?

तर. आम्ही परत आल्यावर ते वर आले. दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी आत आले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "त्यांच्याजवळ कोण होतं?" श्रीनिवास म्हणाला, कोणी नाही. ते म्हणाले, कोणीच नाही? श्रीनिवास म्हणाला, कोणीच नाही. मग जिना उतरून गेले.

वर्षभराने तो विषय पुन्हा संसदेत आला. या वेळी हेर व्हिंटरहाल्डरनी स्वतः एक दुरुस्ती मांडली. छोटीशी. ज्या म्हाताऱ्या आईला किंवा वडिलांना मागे दुसरं कोणीच नाही, त्यांना तरी मुलाजवळ राहू द्या. संसदेतल्या त्यांच्या पक्षाच्या गटाचा याला विरोध होता. ठाम विरोध होता.

आता इथली पद्धत सांगते. युरोपच्या निवडणुकीत मत माणसाला देत नाहीत, पक्षाच्या यादीला देतात. यादीत वर नाव असलं तर खासदार, खाली असलं तर घरी. आणि ती यादी त्याच वसंतात ठरायची होती. एका रविवारी पक्षाचे जिल्ह्याचे अध्यक्ष त्यांच्याकडे कॉफीला आले. फ्राऊ व्हिंटरहाल्डरनी मला नंतर सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, ती दुरुस्ती मागे घे, तुझी वरची जागा पक्की. भारतातल्या म्हाताऱ्यांसाठी तुला इथे कोण मत देणार आहे?

हेर व्हिंटरहाल्डर म्हणाले, "मी सगळी हयात भाषणात सांगत आलो, आधी कुटुंब, मग सरकार. ते फक्त जर्मन कुटुंबाबद्दल होतं, असं आता लोकांना सांगू का?"

ते बदलले होते, असं समजू नका हं. दुहेरी नागरिकत्वाला शेवटपर्यंत विरोध केला. रविवारी मी काचेच्या बाटल्या डब्यात फेकायला गेले तर, सुट्टीच्या दिवशी आवाज नको म्हणून ओरडायचे. सईशी घरात मराठी बोलता ते ठीक, पण शाळेच्या सभेला का येत नाही म्हणून श्रीनिवासची खरडपट्टी काढायचे. ते होते तसेच होते. जे मानत होते ते शेवटपर्यंत मानत राहिले, आणि त्याची किंमत मोजावी लागली तेव्हाही मानलं.

दुरुस्ती पडली. त्या गुरुवारी रात्री ते वर आले. अंगात प्रवासाचाच कोट. श्रीनिवासला म्हणाले, पडली. माझ्या गटातले जवळजवळ सगळे विरोधात होते. मी बाजूने मत दिलं. मग त्यांना भिंतीवर सासूबाईंचा फोटो दिसला, हार घातलेला. मला विचारलं, "इथे मी बोललो तर चालेल?"

मी मान हलवली. ते फोटोसमोर गेले, कोटाची बटणं लावली, आणि त्यांच्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाले, "तर, फ्राऊ कुलकर्णी. या वेळी मी बाजूने मत दिलं. उशीर झाला."

तेव्हा भाषांतर करायची गरज नव्हती.

महिन्याभराने पक्षाची सभा झाली आणि यादीत त्यांचं नाव इतकं खाली गेलं की तिथून कोणी निवडून येत नाही. त्यांनी सभेत कोणाला दोष दिला नाही. घरी आले. दुसऱ्या दिवशी जिना झाडायची आमची पाळी होती, पण त्यांनीच झाडला. मी खाली गेले, झाडू मागितला. म्हणाले, आता मला वेळ आहे.

ही त्यांची निवृत्ती, मंडळी. प्रकृतीच्या कारणामुळे म्हणतात ती.

आता शेवटचं. फ्राऊ व्हिंटरहाल्डर, हे तुमच्यासाठी आहे. सई, हे नीट सांग. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. अंत्यविधीला आला होता, परवा परत गेला. त्याला आईला घेऊन जायचं होतं. तिथे चौकशी केली तर कळलं, पाहुणी म्हणून काही महिने येता येईल, कायमचं राहायला नियमात बसत नाही. परवा जिन्यात त्यांनी मला हे सांगितलं. सांगताना हसल्या. म्हणाल्या, माझा नवरा असता तर यावर भाषण केलं असतं. आणि मग पायरीवर बसून रडल्या. मीही बसले.

फ्राऊ व्हिंटरहाल्डर, आजपासून रात्रीचं जेवण वर. तुमच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे राहील. सकाळी सई शाळेला जाताना दार वाजवेल, आणि तुम्ही उघडेपर्यंत ती हलणार नाही. तुम्हाला आवडो न आवडो. विचारत नाहीये मी, सांगते आहे, तोंडावर, तुमच्या नवऱ्यासारखं.

हेर व्हिंटरहाल्डर, तुमची दुरुस्ती स्ट्रासबुर्गला पडली. आपल्या घरात ती मंजूर झाली आहे.

मंडळी, आता उठूया, आणि थोडा वेळ कोणी काही बोलायला नको.