लिंगोपंतांनी लिहिली तशी

[पुणे, सदाशिव पेठ. पानिपताला दहा वर्षं होत आली. संध्याकाळ. देवळातून परतलेले पुराणिक श्रीनिवासशास्त्री आणि त्यांची थोरली बहीण आनंदी.]

श्रीनिवास : …आणि ते चुलीवरचं पाणी दे, अक्का. बसून बसून पाय धरलेत.

आनंदी : ते तुझं नाही. हौदाला कात्रजचं पाणी आलंय, तिथं धू.

श्रीनिवास : रोज तापवतेस, रोज निवतं.

आनंदी : ह्यांची स्वारी आली तर गार पाणी पुढं करू? बगलेत काय ते?

श्रीनिवास : लिंगोपंतांच्या गोष्टी. उद्या मुठेच्या पात्रात सोडतो.

आनंदी : पणजोबांपासून घरात आहे ती पोथी!

श्रीनिवास : असेल. श्लोक नाही, उपमा नाही. ‘बाई उठली. बाईनं पाणी भरलं.’ पाणक्याचा निरोप बरा. श्रोते जांभया देतात.

आनंदी : मागं तू सांगितलीस ती यातलीच ना? नवरा मोहिमेवरून येतो, दारात तापलं पाणी बघून घोड्यावरच रडतो, चौघडा वाजतो…

श्रीनिवास : ते माझं. कथा अमंगळावर सोडू नये, अशी रीत आहे. लिंगोपंतांनी खुशाल सोडली. नवरा मी आणला.

आनंदी : तू आणलास?

श्रीनिवास : बायका ढसाढसा रडल्या. नारळांचा ढीग पडला.

आनंदी : त्या बायकांत मी होते, शास्त्रीबुवा. हे पाणी त्या दिवसापासूनचं आहे.

श्रीनिवास : अक्का…

आनंदी : राहू दे. दमले मी. बुडवायच्या आधी एकदा वाच. लिंगोपंतांनी लिहिली तशी. तुझा घोडा बाहेर बांध.

श्रीनिवास : ‘बाईनं पाणी तापवलं. दारात ठेवलं. निवलं, तेव्हा झाडाला घातलं. असं पुष्कळ दिवस केलं. मग एक दिवस तापवलं नाही. शेजारणीनं विचारलं. बाई म्हणाली, तो नाही यायचा. आणि दळायला बसली.’

आनंदी : पुढं?

श्रीनिवास : संपली.

आनंदी : रडली नाही?

श्रीनिवास : लिहिलं नाही.

आनंदी : पुन्हा वाच. शेवटचं.

श्रीनिवास : ‘बाई म्हणाली, तो नाही यायचा. आणि…’ अक्का, पुढचं मला वाचवत नाही.

आनंदी : उद्या देवळात हीच सांग. अशीच.

श्रीनिवास : लोक उठून जातील.

आनंदी : जाऊ देत. एखादी बसेल.

श्रीनिवास : आणि भावोजी?

आनंदी : पाणी निवतंय, श्रीनू. पाय धुऊन घे.