पांढरी सदाफुली आजीवर गेली

अहो, आमच्या जयपूरच्या रेल्वे कॉलनीत मला चक्क चोर ठरवलं होतं! शेजारच्या माथुरजींची पांढऱ्या सदाफुलीची कुंडी फाटकाजवळून चोरीला गेली, आणि त्याच आठवड्यात माझ्या दारात पांढरी सदाफुली फुलली. झालं! चार बायकांसमोर मला म्हणाले, "भाभीजी, आपके यहाँ तो सब गुलाबी थीं. ये सफेद कहाँ से आई?"

मी म्हटलं, "इसकी नानी से!"

बायका हसल्या, पण ती खरंच आजीवर गेली होती. भुसावळहून आणलेल्या पांढऱ्या सदाफुलीला मी झाडूच्या काडीनं गुलाबीचा पराग लावला होता. तिच्या बियांची सगळी रोपं गुलाबी निघाली, आणि ती भुसावळची पांढरी बिचारी इथल्या थंडीत मेली. मग त्या गुलाबींचं बी पेरलं, त्यात ही पांढरी आली. मी चौथी शिकलेली, पण डोळे आहेत ना मला!

माथुरजी कॉलेज शिकलेले. म्हणाले, "गुलाबी से गुलाबी ही होगा."

मी त्याच बियांची पुडी त्यांच्या हातावर ठेवली. "तुमच्याच अंगणात पेरा, फाटकाला कुलूप लावा. एकही पांढरं आलं नाही, तर मी चोर."

अडीच महिन्यांनी त्यांची बायकोच मला बोलवायला आली. मी त्या चौघींनाही सोबत घेतलं. बघतो तर गुलाबी फुलांच्या मधोमध तीन रोपं पांढरी! माथुरजी झारी धरून उभे.

मी फाटकातूनच ओरडले, "माथुरजी, ये सफेद किसके घर से चुराई?"