आधी तिला वाचून दाखवा

…आणि सेंटरच्या गेटाला कुलूप लावलं ते लावलं, वर वॉचमनला सांगून ठेवलं की बाहेरच्या कुणाला आत सोडायचं नाही. बाहेरचं कोण? चाकसूकडच्या खेड्यांतल्या त्या बायका बस बदलत आल्या होत्या. फादर जेरोमना माती दिलेली अजून ओली होती. सेंटरच्या गेटबाहेर फूटपाथवर बसल्या, ओढण्या तोंडावर ओढून तिथंच रडल्या आणि परत गेल्या. मी आत चहाच्या खोलीत. मला कुणी हाक मारली नाही. हे आधी बोलून टाकते. पोटात ठेवलं तर पुढचं काही बोलता यायचं नाही.

हां. आता नमस्कार, मंडळी.

तुम्ही सगळे आलात, मराठी मंडळाचा हॉल भरला, बरं वाटलं. मला भाषण येत नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. घरातून निघताना मुलगी म्हणाली, "आई, मतलब, फक्त चांगलं बोल हां." चांगलंच बोलते. पण फादरांच्या त्या फोटोकडं मी बघणार नाही, तुमच्याकडं बघून बोलणार. कुणी मान खाली घालू नका.

काहीजण मला ओळखत नसतील. मी मंगल. मालक विमा कंपनीत, त्यांची बदली झाली, साताऱ्याहून इथं आलो, इथलेच झालो. फादरांच्या सेंटरवर चहा, जेवण मी बघते. आणि गावात बायकांशी बोलायला जायचं असेल तर जीपमध्ये मीपण. फादर म्हणायचे, परका पुरुष आणि शहरातली पोरगी दारात उभी राहिली तर बाई पाणी देईल, पण बोलायची नाही. तू चुलीपाशी जाऊन बस. मी बसायचे.

आता आमचं सेंटर ज्या युनिव्हर्सिटीत, ती चर्चची. तिथं इन्स्टिट्यूट किती आणि सेंटरं किती, मला आजवर कळलं नाही. पाण्याचं सेंटर, शांततेचं सेंटर, सगळ्या धर्मांनी एकमेकांशी नीट बोलावं त्याचं एक सेंटर. मी एकदा विचारलं, "फादर, इन्स्टिट्यूट आणि सेंटर यात फरक काय?" म्हणाले, "इन्स्टिट्यूटला एसी असतो, मंगल. सेंटरला कूलर." आमचं कूलरवालं. गावाचा अभ्यास करणारं. हसा की! ते असते तर हसले असते. वसईचा माणूस. घरी फोनवर बोलायचे ती मराठी मला निम्मी कळायची नाही. मंडळाच्या गणपतीत आरतीला मागच्या रांगेत उभे, आणि प्रसादाला पुढच्या. तुम्हाला ठाऊक आहे.

आत्ता तिघं बोलले. फादर विद्वान होते, फादर साधे होते, फादरांनी इतकी पुस्तकं लिहिली. खरंय. पण फादर काम कसं करायचे हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून मी सांगते.

चाकसूच्या बाजूच्या एका गावात एकट्या राहणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता. पुस्तक तयार झालं. फादर म्हणाले, ज्यांचं आहे त्यांना आधी ऐकवू. चौकात सतरंजी टाकली. मीना म्हणून सेंटरची पोरगी आहे, ती वाचायला लागली. सगळ्यांची नावं बदललेली होती बरं का! काळजी घेतली होती. तर मीनानं वाचलं, "एक विधवा आहे, तिची शिंगं मोडलेली भुरी म्हैस आहे, आणि सासरा तिला घरात घेत नाही." झालं. सगळा चौक वळून एका बाईकडं बघायला लागला. अख्ख्या गावात तसली म्हैस एकच! पोरंसुद्धा हसली. ती बाई उठली आणि घरात जाऊन दार लावलं.

जीपमध्ये बसून परत निघालो. टोंक रोडला लागल्यावर फादर म्हणाले, "मंगल, आपण नाव झाकलं आणि म्हैस उघडी ठेवली." मी म्हटलं, "फादर, शिकलेल्या माणसांना माणूस नावानं ओळखायची सवय. गावाला तसली सवय नसते." तर म्हणाले, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "मलाही आत्ताच सुचलं." खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी फादर एकटे तिच्या दारात जाऊन बसले. तिनं दार उघडलं नाही. परत गेले. परत गेले. शेवटी तिनं आतूनच सांगितलं, लिहायचं तर लिही, पण आधी मला सांग, मग गावाला सांग. तिथून तो नियम झाला. आधी ज्या बाईचं आहे तिला तिच्या उंबऱ्यात, एकटीला वाचून दाखवायचं. ती म्हणेल हे काढ, तर काढायचं. मग चौकात. मग छापायला. ह्या नियमापायी पुस्तकं उशिरा निघायची आणि वरचे लोक वैतागायचे. एकदा दिल्लीहून एक मोठे साहेब आले होते. चहा देताना मी ऐकलं. म्हणाले, "फादर, अशानं अभ्यासातला दाणाच निघून जाईल." फादर म्हणाले, "दाणा त्यांचा आहे, साहेब. आपण पाखडणारे." साहेबांनी चहा अर्धा ठेवला. जाऊ दे, चांगला झाला होता.

आता शेवटचा अभ्यास. तो भावाबहिणीच्या जमिनीचा. इकडं रीत आहे. बाप गेला की बहिणीनं आपला वाटा भावाला सोडून द्यायचा. हकत्याग म्हणतात. तहसीलीत नेतात, अंगठा घेतात, नवी साडी देतात. विचारलं तर सगळ्या सांगतात, खुशीनं दिला. एक बाई मात्र मीनाला आणि मला म्हणाली की खुशीनं नव्हता दिला, अंगठा धरून टेकवला होता. कोण बाई ते सांगत नाही. गाव सांगत नाही, कुठल्या बाजूचं तेही सांगत नाही. तिच्या घरी लग्न आहे, एवढं सांगते. लग्नं तर घरोघरी आहेत. लग्नात तिचे भाऊ भात घेऊन येणार. म्हणजे मामाकडचा आहेर, कपडालत्ता, ताट. इकडं भाऊ भात घेऊन आला नाही तर बाई मांडवात मान वर करू शकत नाही. माहेर तुटलं, सगळ्यांसमोर तुटलं.

ती आमच्याशी बोलली ती फादरांच्या शब्दावर. आधी तुला ऐकवू, या शब्दावर. ऐकवायला जायचं ठरलं, आणि त्याआधीच फादर वारले.

देशपांडे सर, उठू नका, बसा. मंडळी, हे देशपांडे सर. आमचं सेंटर आता इन्स्टिट्यूटमध्ये घेतलंय, ते यांच्या हाताखाली. माणूस चांगला आहे. परवा म्हणाले, "मावशी, फादरांची आठवण म्हणून त्यांचं शेवटचं पुस्तक लवकर काढतोय. गुरुवारी छापायला देतो. मोठा कार्यक्रम करू, तुम्हीही या." मी म्हटलं, "सर, वाचून दाखवलंत?" म्हणाले, "नावं सगळी बदललीत, मावशी."

रात्रभर तेच वाक्य कानात. सकाळी मीनाला चहाच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, वाच. तिसऱ्या वाक्याला मी त्या अंगठ्याच्या बाईला ओळखलं. मी परकी, जीपमधून जाऊन आलेली. मी ओळखलं, तर तिचे भाऊ नाही ओळखणार?

सर, तुम्ही वाईट नाही. घाई तुम्हाला फादरांच्या प्रेमापोटी झालीय, हे मला दिसतं. पण तुम्ही त्यांचं पुस्तक काढताय आणि त्यांचा शब्द मोडताय. पुस्तकावर त्यांचं नाव असेल. शिव्याशाप त्या नावाला बसतील. गेलेला माणूस उत्तर द्यायला येतो का? जीप उभी आहे. मीना तयार आहे. मी चुलीपाशी बसेन. ती बाई म्हणाली ठेवा, तर ठेवा. म्हणाली काढा, तर तिचं पान काढा. बाकीचं पुस्तक काही कोसळत नाही.

मंडळी, आता उभे राहा. म्हाताऱ्यांनी बसूनच राहा, फादर रागावणार नाहीत. डोळे मिटा आणि थोडा वेळ गप्प राहू. ज्याला जी प्रार्थना येते ती मनात म्हणा.

फादर, माझा नमस्कार घ्या.

आणि सर, ही शांतता फादरांसाठी आहे. तुम्ही ती माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरू नका. तिला आधी वाचून दाखवणार की नाही? बुधवारी संध्याकाळपर्यंत मला तोंडानं सांगा. हो, किंवा नाही.