खिडकीवरची घोंगडी

(लढाईच्या दिवसांतली दुपार. हिर्डोशीतली ज्ञानोबा लोहारांची भट्टी. ज्ञानोबा साठीचे, आक्काबाई त्यांची बायको, घण तीच मारते. आनंदराव हा भोरच्या भातगिरणीचा इंजिन-फिटर. ऐरणीवर काल तुटलेल्या वालाचे, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हचे, दोन तुकडे आहेत, आणि कुणालाच त्यांच्याकडे बघवत नाही.)

ज्ञानोबा : न्या तो दुसरा वाल परत. म्या हात लावनार न्हाई त्याला.

आनंदराव : परत नेऊन काय करू? देवळीत ठेवून पुजू? ज्ञानोबादादा, भोराहून आठ कोस तुडवत आलोय. गिरणी पंधरा दिवस बंद आहे. नवा वाल बोटीनं यायचा, आणि बोटी गुंतल्यात लढाईत. मोडक्या लष्करी लॉरीतनं हे दोन मिळाले. एक काल गेला, हा एक उरला. दांडी लांब केली, डोकं थोडं घासलं की आपल्या इंजिनाला बसतो.

ज्ञानोबा : म्हनूनच म्हंतो. एक म्या मोडला, दुसरा कशाला मोडू? पुन्याला न्या.

आनंदराव : गेलो होतो. सगळे लष्कराच्या कामात बुडालेत. दारातूनच वाटेला लावलं मला. हा तुटका तुकडा बघा जरा. ह्याचा रवा बघा.

ज्ञानोबा : बघितला की. खडेमिठावानी चमकतोय. पोळलंय पोलाद. चाळीस वर्सं ऐरणीवर हाय, मला शिकवता व्हय?

आनंदराव : शिकवत नाही, विचारतोय. पोलाद सगळं असल्या बारक्या रव्यांचंच असतं. ताव जास्त झाला की रवे एकमेकांना गिळून मोठे होतात. मग ठोका बसला की शिवण उसवते. पण तुमच्या हातून ताव जास्त झालाच कसा?

ज्ञानोबा : डोळं गेलं, आनंदराव. दुसरं काय? दिवाळीपस्नं चार कुऱ्हाडी तुटल्या, गेनबाचा विळा तुटला. आमचा भिमा म्हंतो, बाबा, भट्टी मोडा अन् खडकीला माझ्याकडं ऱ्हायला या. औंदा शिमग्याला जायाचं ठरवलंय म्या. ज्या लोहाराला तावाचा रंग दिसत न्हाई, त्यानं खाटंवर बसून नातवंडं खेळवावीत.

आक्काबाई : ठरवलंय म्हनं! मला इचारलं?

ज्ञानोबा : तुला काय इचारायचं? तुला काय कळतं रंगातलं?

आक्काबाई : रंगातलं न्हाई कळत. घणातलं कळतं. तीस वर्सं ह्यो घण कुनी मारला, तुमच्या आत्यानं?

आनंदराव : आक्का, काय असेल ते बोला. आता मागं ठेवू नका.

आक्काबाई : दिवाळीपस्नं लोखंड मऊ लागतंया. पयलं घण पडला की मनगटात झिणझिणी यायची. आता लोण्यात पडल्यागत रुततो. म्हंजी ताव जास्ती. अन् ह्यांना वाटतं, बेताचा हाय.

ज्ञानोबा : तेच तर म्हंतोय मी. डोळं...

आक्काबाई : डोळ्यांचं नाव घेऊ नगा. काल पल्याडच्या बांधावरची शेळी कुनाची, ते कानाच्या खुणंवरनं सांगितलंत. आता मला सांगा, चिमाजीची पहार कवा केली?

ज्ञानोबा : दिस मावळताना.

आक्काबाई : तुटली?

ज्ञानोबा : न्हाई बा. अर्धी हीर खोदली त्यानं तिच्यावर.

आक्काबाई : अन् गेनबाचा विळा?

ज्ञानोबा : दुपारी. कुऱ्हाडी बी... दुपारच्याच की गं.

आनंदराव : थांबा. ही खिडकी कधी बसवली?

आक्काबाई : दिवाळीला. बापाला अंधारात डोळं ताणाया लागू नयेत, म्हनून भिमानं काच आनली. भोरापस्नं पाठीवर बांधून.

आनंदराव : दादा, भर उन्हात कंदील लावला तर ज्योत फिकी दिसते की नाही? तापलेल्या पोलादाचं तेच. उजेडात ते आहे त्याहून गार वाटतं. तुम्हाला वाटतं ताव आला नाही, आणि तुम्ही भाता ओढत राहता...

ज्ञानोबा : ...अन् पोलाद पोळतं. अरं माझ्या कर्मा! बाप सांगायचा, भट्टीला झरोका ठिवू नगंस. मला वाटायचं, म्हातारा चोरांना भितोय.

आनंदराव : आक्का, हे आधी का नाही बोललात?

आक्काबाई : लेकानं मायेनं आनलेली काच. तिला आईनंच नावं ठिवायची? पर आता हे घर सोडाया निघाले. मग मी गप बसू व्हय?

ज्ञानोबा : घोंगडी आन. टांग त्या खिडकीवर. द्या वाल हिकडं, आनंदराव. अन् ह्या पोलादाची जात सांगा आधी.

आनंदराव : क्रोम नि सिलिकॉन मिसळलेलं आहे. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतनं वाल केला होता तुम्ही गेल्या आठवड्यात, आठवतं? दोन तास इंजिन चाललं, आणि...

ज्ञानोबा : पापडावानी मुडपला.

आनंदराव : इंजिनाच्या जळत्या धुरात दिवसभर लाल होऊन राहायचं असतं वालाला. साधं लोखंड लाल झालं की मऊ पडतं. हे लाल होऊनही ताठ राहतं. पण घडवताना हट्टी. ताव कमी पडला तर चिरतं, जास्त झाला तर कालच्यासारखं.

ज्ञानोबा : म्हंजी आमच्या हिच्यावानी.

आक्काबाई : बोलू नगा, भाता ओढा.

ज्ञानोबा : बघा हं. पिकल्या तोंडल्याचा लाल... अजून न्हाई. आता पळसफुलाचा... आला! अगं, दिसतोय मला! लख्ख दिसतोय! हान!

आक्काबाई : आली झिणझिणी. ह्योच ताव!

ज्ञानोबा : हान! लांबू दे दांडी. बास, रंग उतरला. परत भट्टीत... हां, आता हान. हलक्या हातानं.

आनंदराव : दादा, पुरे. बोटभर जास्तच लांबली.

ज्ञानोबा : मुद्दाम लांबवली, टोक मोडून रवा बघाया. हितं खाच मारतो. टोक तेवढं पाण्यात बुडवतो, बाकीचा वाल राखंत निवंल सावकाश. सरा, टोक म्या मोडनार. कालचं म्या मोडलं, आजचं बी मीच बघनार.

आनंदराव : काय दिसतंय? दादा, बोला की!

ज्ञानोबा : रवाच दिसंना. नाचणीचं पीठ हाय नुसतं.

आनंदराव : जिंकलो! उद्या मापात घासतो. गिरणी सुरू झाली की निरोप धाडतो.

ज्ञानोबा : निरोप कशाला? चालनारच ती.

आनंदराव : आणि शिमग्याला खडकी?

ज्ञानोबा : जाईन की. दोन दिस, नातवंडं बघाया. गेनबाचा विळा करून द्यायचाय, कुऱ्हाडी हायेत. भट्टी कुनाच्या जिवावर सोडू? पर भिमा इचारील, खिडकी का झाकली. तोंड पडंल पोराचं.

आक्काबाई : न्हाई पडायचं. काच काढा अन् माझ्या चुलीपाशी बसवा. तीस वर्सं अंधारात भाकरी भाजतीया म्या. तिथं उजेड लागतो, हे आलं का कुनाच्या ध्यानात?

ज्ञानोबा : ...आनंदराव, जरा हात लावा. चौकट जड हाय.