स्वयंपाकाच्या शेडमधली मच्छरदाणी

माझे नाव डोरिका जोफिलिसी, वय २३ वर्षे, काम निवारा केंद्रात आरोग्य स्वयंसेविका, मूळ गाव न्याकाम्बा, सध्या मुक्काम म्पोन्डे प्राथमिक शाळा, जिल्हा न्सान्जे. अक्षरओळख घरी मावशीने करून दिली, शाळेत नंतर गेले. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे सांगावे, हे तिचेच शिकवणे, म्हणून तसेच सांगते.

आज ३१ मार्च रोजी पोलीस चौकीत स्वतःहून हजर राहून जबाब देते की, पुरात गाव गेल्यापासून, म्हणजे १२ तारखेपासून, आम्ही ४१ कुटुंबे शाळेच्या इमारतीत राहतो. मच्छरदाण्या वाटणे, त्या बांधल्या आहेत का हे रोज संध्याकाळी साडेपाचला पाहणे आणि ताप आलेल्याच्या बोटातून रक्त घेऊन तपासणे हे माझे काम आहे. पहिल्या पंधरवड्यात एकट्या वर्ग क्रमांक ३ मध्ये नऊ जणांना हिवताप निघाला.

फॅक्सन बंडे यांनी वर्ग ३ मधील मच्छरदाणी चोरून मासेमारीसाठी विकली, अशी तक्रार निवारा समितीचे अध्यक्ष श्री. माटेमा यांनी काल केली. फॅक्सन कालपासून या चौकीत अटकेत आहेत आणि त्यांना सोमवारी कोर्टात नेणार, असे मी ऐकले आहे. मच्छरदाणी चोरीस गेलेली नाही. ती शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये आहे. ती तिथे जाण्यास मी कारण आहे.

१५ तारखेस वाटप करताना मी फॅक्सन, त्यांची पत्नी लोनेस, दोन मुले आणि लोनेसच्या आई एलिनाती आजी यांना एक कुटुंब म्हणून लिहिले आणि आजींची मच्छरदाणी त्यांच्याच खोलीत, वर्ग ३ मध्ये, जावयाच्या शेजारी बांधली. जबाब लिहिणारे साहेब शहरातले आहेत म्हणून सांगते. आमच्याकडे सासू-जावई एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत, थेट बोलत नाहीत. मी त्याच गावची असून माझ्या ध्यानात आले नाही. फॉर्मवर तसा रकाना नव्हता, पण हे कारण पुरेसे नाही.

त्याच दिवशी आजी चटई घेऊन शेडमध्ये झोपायला गेल्या. मी संध्याकाळी मच्छरदाणी बांधलेली पाहत होते, आत कोण आहे ते पाहत नव्हते. अकरा दिवस मी आजींच्या नावापुढे 'वापरात' असे खोटे शेरे लिहिले.

२६ तारखेस आजींना ताप भरला. रक्तात हिवताप निघाला. गोळ्या देताना मी विचारले, "आजी, मच्छरदाणी असून हे कसं झालं?"

त्या म्हणाल्या, "मच्छरदाणी मजेत आहे. तिला एकही डास चावला नाही. तुझ्या कागदाला जावई आहे का? मला आहे."

मी आणखी एक मच्छरदाणी मागितली. शिल्लक नाही, असे कळविण्यात आले.

२८ तारखेस दुपारी आजी बोअरवेलवर गेल्या असता फॅक्सन वर्ग ३ मधून सोडून आणलेली आजींची मच्छरदाणी शेडमध्ये बांधत होते, हे मी स्वतः पाहिले. दोरी पुरली नाही म्हणून त्यांनी आपल्या शर्टाच्या बाह्या फाडून पट्ट्या केल्या होत्या. त्यांच्याकडे शर्ट दोनच आहेत.

मला पाहून ते म्हणाले, "बहिणी, तू मला इथं पाहिलं नाहीस. सासूच्या अंथरुणाशी गेला म्हणून गाव मला हसेल, ते चालेल. त्यांना कुणी हसायला नको."

मी "बरं" म्हणाले. म्हणून यादीत बदल केला नाही. ही माझी दुसरी चूक.

संध्याकाळी आजींनी मला बोलावले. "त्या मुलांच्या बापाला सांग, माझे पाय बाहेर राहतात. ते काय डासांना वाढून ठेवायचे?"

मी निरोप पोचवला. फॅक्सन म्हणाले, "त्यांना सांग, लोनेसची उंची कुठून आली ते आज कळलं."

हे ऐकून आजी तोंडावर कापड धरून बराच वेळ हसत होत्या. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी शेडच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी बांधलेली होती. पाय आत मावले.

काल तपासणीत वर्ग ३ मध्ये एक मच्छरदाणी कमी भरली. गेल्या आठवड्यात नदीवर दोन मच्छरदाण्या खरोखरच जाळे करून वापरलेल्या सापडल्या होत्या, त्यामुळे श्री. माटेमा यांनी संशय घेतला, यात त्यांचा दोष नाही. त्यांनी फॅक्सन यांना सगळ्यांसमोर विचारले. ते काही बोलले नाहीत. येथेही बोललेले नाहीत, असे समजते. चार पुरुषांत सासूच्या झोपण्याच्या जागेचा विषय काढणे त्यांना जमणार नाही. त्यापेक्षा ते कोर्टात उभे राहतील.

माझ्या कामाबाबत जो निर्णय व्हायचा तो वेगळा व्हावा. त्यासाठी फॅक्सन यांना अडकवून ठेवू नये.

एलिनाती आजी माझ्याबरोबर दोन तास चालत आल्या आहेत. ताप उतरला आहे, अशक्तपणा आहे. मक्याच्या पिठाची न्सिमा आणि पालेभाजी असा डबा घेऊन त्या चौकीच्या पुढच्या दारासमोर, झाडाखाली बसल्या आहेत. ते जेवण कोणासाठी आहे, हे त्यांनी मला सांगितलेले नाही. विनंती आहे की फॅक्सन यांना सोडाल तेव्हा मागच्या दाराने सोडावे. डबा मी नेऊन देईन.

माझा जबाब मला आमच्या सेना भाषेत वाचून दाखवला. अकरा शेऱ्यांविषयी 'चुकीचे' असा शब्द लिहिला होता, तेथे माझ्या सांगण्यावरून 'खोटे' असे केले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.

डोरिका जोफिलिसी