धोंडाबाईची पाटी

पेंटर : ताई, शिडीवर उभं राहून पाय भरून आले माझे. तुमचं नाव की लेकीचं, एकदाचं ठरवा.

मालकीण : लेकीचं. ‘धोंडाबाई फॅब्रिकेशन’ वाचून कोण माझ्याकडे गेट करायला टाकेल?

आत्या : वेल्डिंग लेक करते का? इतकी वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपात हात भाजून घेतलेस तू, आणि पाटी तिची?

मालकीण : तू बोलूच नकोस, आत्या. नाव तूच ठेवलंस ना? मुलगी झाली म्हणून दगड! जन्मभर लोक हसले.

आत्या : मुलगी झाली म्हणून? असं वाटत होतं तुला?

मालकीण : मग काय वाटणार?

आत्या : तुझ्या आईनं शपथ घातली होती, हे बोलायचं नाही म्हणून. आता तीच नाही. अगं, तुझ्या आधीची दोन लेकरं गेली. चांगली गोड नावं ठेवली होती त्यांची. तू झालीस तेव्हा मी म्हटलं, हिला धोंडा म्हणायचं. मरण दाराशी आलंच, तर त्याला वाटावं, धोंडाच तर पडलाय, कोण वाकून उचलतो!

पेंटर : आमच्या आजीच्या बहिणीचं हेच नाव. नव्वदीतही काठी आपटत सगळ्यांना दम द्यायची.

मालकीण : आणि आई? गल्ली गोळा होईल अशी ओरडायची, ‘धोंडेऽ, ए धोंडेऽ!’ मैत्रिणींपुढे मान खाली जायची माझी.

आत्या : ती तुला हाक मारत नव्हती गं. त्या मरणाला ऐकवत होती.

(मालकीण हातमोजे काढून ठेवते.)

मालकीण : मग मोठी झाल्यावर बदलायचं तरी!

आत्या : ठरलं होतं की! शाळेत घालताना छानसं नाव शोधलं. तू बाईंसमोर कमरेवर हात ठेवून म्हणालीस, ‘मी धोंडा!’ दुसऱ्या नावाला ओ म्हणून देईनास.

पेंटर : म्हणजे ताईंनी आपल्याच पायावर...

मालकीण : गप बसा हो! लेकीचं राहू द्या. धोंडाबाई लिहा.

पेंटर : केवढं?

मालकीण : पाटीभर. नाही मावलं तर भिंतीवर जा. अहो, जिंकलेय मी, आणि मलाच पत्ता नव्हता!

पेंटर : लाल रंगात काढू?

मालकीण : लालच. आत्या, आता तू का रडतेस?

आत्या : रडत नाही. तुझ्या कानाजवळचे केस पांढरे झालेत, ते बघतेय.